हिशेब मागणारा नगरपिता : सर फिरोजशहा मेहता

शाळेच्या इतिहासात सर फिरोजशहा मेहतांच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी येतात. मवाळ पक्षाचे पुढारी, १८९० च्या कलकत्ता काँग्रेसचे अध्यक्ष आणि १९०७ साली सुरतेला काँग्रेस फुटली तेव्हा लोकमान्यांच्या विरुद्ध बाजूस असलेले गृहस्थ, एवढीच त्यांची ओळख. आपण मराठी मुले लहानपणापासून टिळकांच्या गोष्टी ऐकत वाढलेली. त्यामुळे मेहतांविषयी मनात थोडी अढीच असते. माझ्याही मनात ती होती. परंतु या वर्षी राज्यशास्त्राच्या तासाला स्थानिक स्वराज्य संस्थांचा अभ्यास सुरू झाला आणि मुंबई महापालिकेच्या जन्माच्या कथेत हे नाव पानोपानी भेटू लागले. मग ग्रंथालयात बसून त्यांचे चरित्र मिळेल तेवढे वाचून काढले. वाचताना सारखे आपल्या मीरा-भाईंदरचे विचार मनात येत होते, आणि ते का येत होते हे पुढे ओघाने येईलच.

फिरोजशहांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबईत एका पारशी व्यापारी कुटुंबात झाला. एल्फिन्स्टन कॉलेजातून १८६४ साली ते पदवीधर झाले व लगोलग एम. ए. झाले. मुंबईच्या पारशी समाजातले ते पहिले एम. ए. कॉलेजचे प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांचा या विद्यार्थ्यावर फार लोभ होता. रुस्तमजी जमशेटजी जीजीभाई यांनी हिंदी तरुणांना विलायतेत बॅरिस्टर होण्यासाठी मोठी देणगी दिली होती. त्या शिष्यवृत्तीवर फिरोजशहा लंडनला गेले आणि लिंकन्स इनमध्ये दाखल झाले. पण नेमक्या त्याच सुमारास मुंबईवर आर्थिक संकट कोसळले व देणगीदार शेठच बुडाले. शिष्यवृत्तीची सगळी रक्कम काही फिरोजशहांच्या हाती पडली नाही. शिष्यवृत्ती अर्ध्यावर बंद पडणे म्हणजे काय, हे आपल्यापैकी अनेकांना वेगळे सांगायला नको. फरक एवढाच की त्यांच्या घरी पैसा होता. लंडनमध्ये दादाभाई नौरोजींच्या सहवासात त्यांना सार्वजनिक कार्याची दीक्षा मिळाली आणि १८६८ साली बॅरिस्टर होऊन ते मुंबईस परतले.

आता ते संकट काय होते हे थोडे सांगितले पाहिजे, कारण पुढची सारी कथा त्यावर उभी आहे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात पैशाचा पूर लोटला, रोज नव्या कंपन्या निघू लागल्या, समुद्र बुजवण्याच्या योजनांचे शेअर हातोहात खपू लागले. १८६५ साली युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि कालचे लक्षाधीश दिवाळखोर झाले.

त्याच १८६५ साली मुंबई शहराचा कारभार नव्या कायद्याखाली आला. आर्थर क्रॉफर्ड हे पहिले म्युनिसिपल कमिशनर. सारी कार्यकारी सत्ता त्यांच्या हाती. त्यांच्यावर लक्ष ठेवायला कोण, तर सरकारने नेमलेले जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे शहरातले मानकरी लोक. त्यांना कोणी निवडून दिलेले नव्हते आणि बहुतेकांना सभेला येण्याचीही फारशी हौस नव्हती. क्रॉफर्ड साहेब मोठे धडाडीचे. घाणीने बरबटलेल्या मुंबईचा कायापालट करायचाच असे त्यांनी ठरवले. रस्ते झाले, गटारे झाली, १८६९ साली त्यांच्या नावाची ती प्रसिद्ध मंडई झाली, जिला पुढे महात्मा जोतिबा फुल्यांचे नाव मिळाले. शहर खरोखरच सुधारले. मात्र पैसा कोठून येणार याचा विचार मागे पडला. कर वाढले, आणि तेही व्यापार बसलेला व घरांच्या किमती उतरलेल्या असताना. शेवटी तिजोरीत खडखडाट झाला.

१८७१ साली करदाते खवळून उठले. सभा झाल्या, अर्ज गेले. जेम्स फोर्ब्स यांनी क्रॉफर्डच्या कारभाराविरुद्ध आघाडी उघडली. नौरोजी फर्दुनजी, विश्वनाथ नारायण मंडलिक यांच्यासारखी वजनदार माणसे करदात्यांच्या बाजूने होती. क्रॉफर्डला हाकला, कमिशनरचे पदच नको, कारभार समितीच्या हाती द्या, अशी हवा शहरभर पसरली होती.

अशा वेळी सव्वीस वर्षांचा एक बॅरिस्टर धोबीतलावच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये निबंध वाचायला उभा राहिला. श्रोते चिडलेले होते. त्यांना क्रॉफर्डची निंदा ऐकायची होती आणि मेहतांनी तर क्रॉफर्डच्या कामांची बाजू घेतली! सभेत गोंधळ माजला. मेहतांचा मुद्दा मात्र नीट समजून घेण्यासारखा आहे. कामे चांगली झाली, ती करायला एका जबाबदार माणसाच्या हाती सत्ता असणेच योग्य, असे त्यांचे म्हणणे होते. दोष कोठे होता, तर त्या माणसाला हिशेब विचारणारे कोणी नव्हते. जस्टिस लोकांनी वेळच्या वेळी विचारले नाही, कारण त्यांना स्वतःला कोणी विचारणार नव्हते. म्हणून उपाय असा : कर भरणाऱ्यांनी आपले प्रतिनिधी निवडावेत, सत्ता त्या प्रतिनिधींच्या सभेची असावी, तिच्याखाली एकच कार्यकारी अधिकारी असावा आणि हिशेब तपासणारा मनुष्य त्या अधिकाऱ्याचा मिंधा नसावा.

मला या निबंधाचे फार आश्चर्य वाटते. तिजोरी रिकामी झाली की लोक दोनच गोष्टी बोलतात : खर्च कमी करा, नाहीतर साहेब बदला. तूट भरून काढायला निवडणूक हवी, असे सांगणारा हा पहिलाच गृहस्थ मला भेटला. (जाता जाता सांगायचे तर हेच क्रॉफर्ड पुढे १८८८ साली लाचलुचपतीच्या चौकशीत सापडले व नोकरीतून गेले. क्रॉफर्ड प्रकरण म्हणून ते गाजले आणि त्यात लोकमान्यांनी मामलेदारांची बाजू घेतली. मेहतांनी १८७१ मध्ये बाजू घेतली होती ती एका पद्धतीची, माणसाची नव्हे, असे मी मानते. तरी त्या काळच्या करदात्यांचे नाक अगदीच चुकीचे नव्हते म्हणायचे.)

१८७२ चा कायदा आला तो पुष्कळसा मेहतांच्या आराखड्याला धरून होता. ६४ सभासदांची महापालिका झाली. त्यांपैकी ३२ जण वॉर्डावॉर्डांतून करदात्यांनी निवडायचे, १६ जस्टिस मंडळींनी निवडायचे आणि १६ सरकारने नेमायचे. पैशाच्या व्यवहारावर देखरेख करायला बारा जणांची टाउन कौन्सिल नावाची समिती. मेहता या नव्या महापालिकेत आले ते अखेरपर्यंत तिचे सभासद राहिले. १८८४ व १८८५ अशी लागोपाठ दोन वर्षे त्यांची अध्यक्षपदी निवड झाली. पुढे १९०५ मध्ये पुन्हा झाली.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने लिहिली पाहिजे. त्या निवडणुकीत मत कोणाला होते? वर्षाला निदान ५० रुपये म्युनिसिपल कर भरणाऱ्याला. म्हणजे घरमालकाला होते. हमालाला, गिरणीकामगाराला, भंगी बंधूला नव्हते. ज्याच्या गल्लीत गटार तुंबते त्याला मत नाही आणि ज्याची गल्लीत घरे आहेत त्याला आहे, असा हा प्रकार. आपले आजोबा-पणजोबा त्या यादीत नव्हते. माझे आजोबा भाईंदरच्या मिठागरावर काम करीत. असल्या यादीत त्यांचे नाव लागणे स्वप्नातही शक्य नव्हते. मेहता हे श्रीमंतांच्या मुंबईचे पुढारी होते, त्यांचा रुबाबही तसाच होता, आणि सभागृहात ते दुसऱ्याला फारसे बोलू देत नसत अशी तक्रार त्यांच्या मित्रांचीही असे. मुंबईचा सिंह, मुंबईचा अनभिषिक्त राजा ही त्यांची बिरुदे कौतुकाची आहेत, तशीच थोडी बोचरीही आहेत.

मेहतांची खरी कसोटी लागली ती १८८८ च्या कायद्याच्या वेळी. लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव १८८२ साली होऊन गेला होता. मुंबईचा कायदा सुधारायचा ठरले, पण जो मसुदा पुढे आला त्यात कमिशनरचे अधिकार वाढवून महापालिकेला नावापुरते ठेवण्याचा घाट होता. मेहता आणि आपले न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे दोघे तेव्हा कायदेमंडळात होते. दोघांनी त्या मसुद्याचे कलमन् कलम पिंजून काढले. महापालिका, स्थायी समिती आणि कमिशनर या तिघांत श्रेष्ठ कोण, या प्रश्नावर मेहतांचे उत्तर ठाम होते : महापालिका. कमिशनरने जमाखर्चाचा अंदाज करावा, स्थायी समितीने त्यावरून अंदाजपत्रक तयार करावे आणि महापालिकेने ते मंजूर करावे, अशी तीन पायऱ्यांची व्यवस्था त्या कायद्यात आहे. एकाच्या हातून निघालेला आकडा दुसऱ्याने तपासायचा आणि तिसऱ्याने चारचौघांत वाचून त्याला होय किंवा नाही म्हणायचे.

सभासद ६४ चे ७२ झाले. वॉर्डांतून निवडून येणारे ३६, जस्टिसांचे १६, विद्यापीठाचे २, चेंबर ऑफ कॉमर्सचे २ आणि सरकारनियुक्त १६. हे आकडे जरा लक्ष देऊन पाहावेत. १८७२ साली वॉर्डांचे सभासद निम्मे होते. १८८८ सालीही बरोबर निम्मेच राहिले. सरकारनियुक्तांचा वाटा थोडा घटला, पण करदात्यांचे निर्भेळ बहुमत काही होऊ दिले नाही. मतदारसंघ कसे पाडायचे आणि कोणाला किती जागा द्यायच्या, यातच राज्यकर्त्यांचे अर्धे राजकारण असते हे तेव्हाही खरे होते. मत मिळवण्यासाठी लागणारा कर मात्र ५० वरून ३० रुपयांवर आला.

मुंबईसाठी केलेला हा १८८८ चा कायदा, अनेक दुरुस्त्या होऊन का होईना, अजून चालू आहे. आणि मुंबईबाहेरच्या शहरांसाठी १९४९ साली जो कायदा झाला, ज्याखाली आपली मीरा-भाईंदर महानगरपालिका चालते, त्याचा सांगाडा याच घडणीचा आहे. आयुक्त, स्थायी समिती, सर्वसाधारण सभा. तेव्हा मेहता आपले कोणी लागत नाहीत असे म्हणता येणार नाही.

आपल्या गावाची हकिगत थोडक्यात सांगते. १२ जून १९८५ रोजी येथल्या ग्रामपंचायती एकत्र करून नगरपरिषद झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी तिची महानगरपालिका झाली. २००१ च्या जनगणनेत ५ लाख २० हजार माणसे होती, २०११ मध्ये ८ लाख ९ हजार. २०१७ साली ९५ नगरसेवक निवडून आले, त्यांची मुदत ऑगस्ट २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ एकही नगरसेवक नव्हता. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात गेला. महापालिकांची सदस्यसंख्या वाढवून तीन-तीन सदस्यांचे प्रभाग करण्याचे ठरले आणि सरकार बदलल्यावर ऑगस्ट २०२२ मध्ये ते रद्दही झाले. प्रभागांच्या रेषा ओढायच्या, पुसायच्या आणि पुन्हा ओढायच्या. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्याच असे बजावले, मग पुन्हा प्रभागरचना, पुन्हा हरकती व सूचना. अखेर १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले.

या मधल्या काळात कारभार प्रशासकाच्या हाती होता. कोणा एका अधिकाऱ्याला दोष देण्याचा येथे प्रश्न नाही. कायद्यातच तशी सोय आहे. पण मेहता-तेलंगांच्या तीन पायऱ्यांकडे पाहा. अंदाज करणारा, तो तपासणारा आणि मंजूर करणारा, तिन्ही एकच. क्रॉफर्डच्या काळी निदान जस्टिस मंडळी तरी होती!

आमच्या घरी घरपट्टीचे बिल आले की ते मी वाचून दाखवते. घरात कॉलेजचे तोंड पाहिलेली मीच पहिली. वडील भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशचे काम करतात. बिलात सामान्य कर, वृक्षकर, शिक्षणकर, रोजगार हमी कर अशी नावे ओळीने येतात. वडील पैसे वेळेवर भरतात, उशीर त्यांना खपत नाही. यातले आपल्या गावात किती राहते व सरकारकडे किती जाते, आणि हे ठरवते कोण, असे त्यांनी एकदा विचारले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी शोधून काढले : शिक्षणकर व रोजगार हमी कर हे राज्य सरकारचे, महापालिका ते फक्त वसूल करून देते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कायद्यात सर्वसाधारण सभा असे आहे, परंतु त्या वेळी सभाच नव्हती.

पैशाची बाजूही मेहतांच्या काळाची आठवण करून देणारी आहे. पूर्वी महापालिकांना जकातीचा मोठा आधार असे. ती जाऊन स्थानिक संस्था कर आला, १ ऑगस्ट २०१५ पासून तोही बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर राज्य सरकारच्या भरपाई अनुदानावर भिस्त राहिली. स्वतःची मिळकत म्हणजे मुख्यतः घरपट्टी, पाणीपट्टी आणि बांधकामाच्या परवानगीचे शुल्क. दुसऱ्याच्या हाताकडे पाहणाऱ्या घराचे जे होते तेच गावाचे होते.

मेहतांना हे पुरते ठाऊक होते. मुंबईच्या पोलिसांवर हुकूम सरकारचा, पण त्यांच्या खर्चाचा बोजा मात्र शहराच्या तिजोरीवर. याविरुद्ध ते वर्षानुवर्षे भांडले. ज्या खात्यावर आपला अधिकार नाही त्याचे बिल आपण का भरावे, हा त्यांचा साधा सवाल होता. अखेर १९०७ साली तोड निघाली. पोलिसांचा खर्च सरकारने उचलला आणि त्याच्या बदल्यात प्राथमिक शिक्षण व दवाखान्यांचा भार महापालिकेने घेतला. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा विजय, कारण ज्या कामावर शहराचा हात चालतो त्याच कामावर शहराचा पैसा जाऊ लागला. पण यासाठी त्यांना कोणी मिरवत नाही. मिरवतात ते १९०१ साली जमीन महसुलाच्या विधेयकाच्या वेळी त्यांनी मुंबई कायदेमंडळातून केलेल्या सभात्यागासाठी. तो प्रसंग बाणेदार खराच. हिशेबाची लढाई दिसायला रटाळ असते, इतकेच.

प्लेगनंतर १८९८ मध्ये सरकारने शहरसुधारणेसाठी महापालिकेला बाजूला ठेवून इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नावाची निराळीच संस्था उभी केली. त्याबद्दलही त्यांचे सरकारशी जमले नाही. निवडून आलेली सभा नको झाली की तिच्या शेजारी दुसरी नेमलेली संस्था काढायची, ही युक्ती फार जुनी आहे.

पोलिस खर्चाचा प्रश्न सुटला त्याच १९०७ साली मेहतांना महापालिकेतूनच उखडण्याचा कट झाला. अकाउंटंट जनरल हॅरिसन त्याचे सूत्रधार. म्युनिसिपल कमिशनर शेपर्ड, पोलिस कमिशनर गेल, कलेक्टर हॅच आणि टाइम्स ऑफ इंडियाचे संपादक लोव्हॅट फ्रेझर ही मंडळी त्यांच्या साथीला. वॉर्डाच्या निवडणुकीत मेहतांना पाडणे सोपे नव्हते. पण ते उभे होते जस्टिसांच्या १६ जागांच्या निवडणुकीत, आणि जस्टिस नेमणार सरकार. या कंपूने आपली सोळा नावांची यादी तयार केली आणि मते गोळा केली. निकाल लागला तेव्हा मेहता सतराव्या क्रमांकावर होते. पस्तीस वर्षे ज्या सभेची सेवा केली तिचे दार एका जागेने बंद झाले. सारे शहर संतापले, सभा झाल्या. पुढे निवडून आलेल्यांपैकी एकाची निवड कोर्टात रद्द ठरली आणि ती जागा मेहतांना मिळाली.

मला या प्रसंगात एक विरोधाभास दिसतो. ज्यांनी १८७१ साली करदात्यांनी निवडलेली सभा मागितली, ते स्वतः या वेळी उभे राहिले करदात्यांच्या नव्हे, जस्टिसांच्या दारात. आणि तेथेच त्यांना दगा झाला. वॉर्डातल्या लोकांपुढे ते गेले असते तर ही वेळ आली नसती, असे वाटते. आपल्या तासाला यावर वाद झाला तेव्हा काहींचे म्हणणे पडले की मोठ्या माणसाला गल्लोगल्ली मते मागत फिरवणे बरे नव्हे. मला ते पटले नाही. आज आपल्याकडे ९५ जागांसाठी २४ प्रभाग आहेत. २३ प्रभागांत चार-चार सदस्य आणि एकात तीन. एका मोठ्या प्रभागात २०११ च्या मोजणीने सुमारे ३४ हजार माणसे, प्रत्यक्षात किती तरी अधिक. मतदाराने चार मते द्यायची आणि नंतर गटारासाठी कोणाकडे जायचे, तर चौघांकडे, म्हणजे कोणाकडेच नाही. मेहतांसारखा एखादा आज उभा राहिला तर त्याचा वॉर्ड कोणता म्हणायचा?

शेवटच्या वर्षांतही ते स्वस्थ बसले नाहीत. १९११ साली निघालेल्या सेंट्रल बँक ऑफ इंडियाचे ते पहिले अध्यक्ष झाले. १९१३ साली त्यांनी बॉम्बे क्रॉनिकल हे वृत्तपत्र सुरू केले, कारण १९०७ मध्ये वृत्तपत्राचा मार त्यांनी अनुभवला होता. ५ नोव्हेंबर १९१५ रोजी वयाच्या सत्तराव्या वर्षी त्यांचे मुंबईत निधन झाले. बोरीबंदरसमोर महापालिकेच्या भव्य इमारतीपुढे त्यांचा पुतळा उभा आहे. भाईंदरहून चर्चगेटला गाडीने उतरून चालत गेले तर वीस-पंचवीस मिनिटांत तेथे पोहोचता येते. महिना दहा रुपये भाडे देणाऱ्या भाडेकरूंना मुंबई महापालिकेच्या मताचा हक्क मिळाला तो १९२२ च्या कायद्याने, आणि सर्व प्रौढ स्त्रीपुरुषांच्या मतांवर तिची पहिली निवडणूक झाली ती १९४८ साली, मेहतांच्या मृत्यूनंतर तेहतीस वर्षांनी.